दुखऱ्या पायांची चप्पल

चपलांच्या कुठल्याही दुकानात जाऊन "टाच दुखते हो, काहीतरी मऊ दाखवा" असं म्हटलं, की समोरून हमखास विचारणा होते, "डॉक्टर चप्पल दाखवू का?" पुण्याचा लक्ष्मी रोड असो, दादर स्टेशनबाहेरची गर्दी असो, की तालुक्याच्या गावातली बाजारपेठ. मग काउंटरवर जोड येऊ लागतात. काळे, तपकिरी, मरून, जाड तळाचे. कुणावर 'ऑर्थो' छापलेलं, कुणावर 'एमसीआर', कुणावर 'एमसीपी'. एखाद्या जोडाच्या तळाला बारीक बारीक उंचवटे असतात आणि त्यावर 'ॲक्युप्रेशर' असं लिहिलेलं असतं. बाई पाय घालून पाहतात, दोन पावलं टाकतात, अंगठ्यानं तळ दाबतात. मऊ लागली की पैसे देतात. महिन्याभरानं टाच तशीच ठणकत असते आणि ती चप्पल रॅकच्या मागच्या रांगेत गेलेली असते.

या लेखासाठी चपला विकणाऱ्या, शिवणाऱ्या आणि पाय तपासणाऱ्या माणसांशी बोलत गेले, तेव्हा सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट फिरून फिरून आली. गिऱ्हाईक मऊपणा शोधत येतं आणि दुखऱ्या पायाला हवा असतो आधार. उशीसारख्या लुसलुशीत तळात टाच रुतते, पाऊल आतल्या बाजूला कलतं आणि पायाच्या कमानीला खालून काहीच लागत नाही. पहिल्या पाच मिनिटांत ते सुखाचं वाटतं. पाच तासांनी त्याच मऊ तळानं पोटरीपर्यंत सगळं दुखायला लागतं.

पायाची रचना थोडी समजून घेतली तर दुकानात काय पाहायचं ते आपोआप कळतं. एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यातून एक जाड, चिवट पट्टा जातो. डॉक्टर त्याला प्लान्टर फॅशिया म्हणतात. आपण चालताना टाच उचलतो, बोटं वर वळतात, तेव्हा हा पट्टा ताणला जातो आणि कमान वर उचलली जाते. पाऊल घट्ट होतं आणि शरीर पुढे ढकललं जातं. 1954 मध्ये हिक्स नावाच्या शल्यविशारदानं ही यंत्रणा नेमकी मांडून दाखवली. दिवसभरात हजारो वेळा हा पट्टा ताणतो आणि सैल होतो. वय चाळिशीपुढे गेलेलं, वजन थोडं वाढलेलं, पोटऱ्या आखडलेल्या, आणि कामाचे तासचे तास कडक फरशीवर उभ्यानं. एवढं जमून आलं की पट्टा जिथे टाचेला चिकटतो तिथे दुखायला लागतो. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली काही पावलं जीवघेणी, मग जरा बरं, आणि संध्याकाळी पुन्हा तेच, ही त्याची खूण. दहातल्या एकाला तरी आयुष्यात कधीतरी हे दुखणं गाठतं असं वैद्यकात धरलं जातं.

अशा वेळी एक्स-रे काढला आणि त्यात टाचेला हाडाचं टोक वाढलेलं दिसलं, की घरात चिंता पसरते. "हाड वाढलंय" हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे! पण ज्यांची टाच अजिबात दुखत नाही अशा पुष्कळ माणसांच्या एक्स-रेमध्येही ते टोक असतं. त्याला घाबरून चालणं सोडण्याचं किंवा शस्त्रक्रियेचा धसका घेण्याचं कारण नाही. बहुतेकांचं दुखणं शस्त्रक्रियेविना, वर्षाच्या आत-बाहेर शमतं. पण त्या वर्षात पाय कशावर उभा राहतो याला फार महत्त्व आहे.

म्हणून चप्पल विकत घेताना अंगठ्यानं तळ दाबून थांबू नका. ती दोन्ही हातांत धरा आणि वाकवा. बोटांच्या मुळाशी, म्हणजे चवड्याच्या रेषेवर ती वाकली पाहिजे, कारण पाऊल तिथेच वाकतं. मधोमध घडी पडत असेल तर कमानीखाली तिच्यात काही दम नाही. मग ओला कपडा पिळतात तशी पिळून पाहा. सहज पिळली जाते ती परत ठेवा. टाचेची जागा खोलगट वाटीसारखी हवी, म्हणजे टाचेखालची चरबीची गादी बाजूला पसरत नाही, जागच्या जागी राहते. कमानीचा उंचवटा तुमच्या कमानीखाली यायला हवा. तो फार पुढे आला तर खडा टोचल्यासारखं होतं. टाचेचा दुखावा असेल तर अगदी सपाट तळ नको. चवड्यापेक्षा टाच दोन-तीन सेंटीमीटर उंच असली की पोटरीची ओढ कमी होते. आणि शेवटची गोष्ट पट्ट्यांची. नुसत्या अंगठ्याच्या खुंटीवर लोंबणारी चप्पल पायातून निसटू नये म्हणून बोटं सतत आवळून धरावी लागतात. आपल्याला ते जाणवतही नाही, पण तळव्याला जाणवतं. पावलावरून रुंद पट्टा आणि टाचेमागे दुसरा पट्टा असलेलं सँडल बोटांना या कामातून मोकळं करतं. मागचा पट्टा म्हटलं की अनेक बायका नाक मुरडतात, कारण दारात घाईनं चप्पल सरकवायची सवय असते. टाच दुखत असेपर्यंत तरी ती सवय बाजूला ठेवावी, असं माझं कळकळीचं म्हणणं आहे.

आकार दिलेल्या सँडलनं खरोखर फरक पडतो का, की ही सगळी विक्रीची भाषा? हा प्रश्न मलाही महत्त्वाचा वाटला. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या संशोधकांनी टाचदुखी असलेल्या 150 जणांवर याची तपासणी केली होती. तिचा अहवाल 2015 मध्ये आला. काहींना साधी सपाट चप्पल दिली, काहींना कमानीला आधार देणारं सँडल, काहींना बुटात घालायचा आकारबद्ध तळ. बारा आठवड्यांनी आकार दिलेल्या सँडलचा गुण सपाट चपलेपेक्षा सरस होता, आणि बुटातल्या तळाच्या तोडीस तोड. त्याआधी 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्याच एका अभ्यासात पायाचा साचा घेऊन खास बनवलेले महागडे तळ आणि दुकानात तयार मिळणारे तळ यांची तुलना झाली होती. दोघांचा उपयोग जवळपास सारखा निघाला. सुरुवातीच्या महिन्यांत थोडा फायदा, वर्षभरानंतर कुणातच फारसा फरक नाही. याचा अर्थ आपल्या कामाचा आहे. साध्या टाचदुखीसाठी हजारो रुपयांचे खास तळ बनवून घ्यायची पहिल्याच दिवशी गरज नसते. आणि चप्पल ही सोबत आहे, सगळा उपचार नव्हे.

उपचाराचा मोठा भाग फुकटचा आहे. सकाळी पाय जमिनीवर टेकवण्याआधी, पलंगावर बसूनच, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, हातानं पायाची बोटं नडगीच्या दिशेला ओढायची आणि दहा अंक मोजायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. अमेरिकेत 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हाच ताण दिलेल्यांना नेहमीच्या पोटरीच्या ताणापेक्षा जास्त आराम पडला. काही आठवडे नेटानं करावं लागतं, हे मात्र खरं. आणि सूज असेल, रात्री झोपेतही ठणका असेल, पाय बधिर होत असेल किंवा मार लागलेला असेल, तर चपलांच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जायचं.

आता त्या 'एमसीआर'कडे वळते. दुकानातल्या या तीन अक्षरांमागे एक मोठा इतिहास आहे. तो कळल्यापासून ती जाड, बोजड दिसणारी चप्पल मला वेगळ्या आदरानं दिसते.

एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, आत असंख्य सूक्ष्म पोकळ्या असलेलं रबर. भारतात दुखऱ्या पायांसाठी त्याचा वापर रुळला तो कुष्ठरोग्यांमुळे. डॉ. पॉल ब्रँड हे 1914 मध्ये तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले शल्यविशारद. 1946 मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. त्या काळी समजूत अशी होती, की कुष्ठरोग्याच्या पायाला जखमा होतात, बोटं झडतात, ती रोगानं मांस कुजल्यामुळे. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईनं पाहिलं तेव्हा चित्र वेगळं दिसलं. रोगानं संवेदना जाते. तुमच्या-माझ्या चपलेत खडा आला तर आपण दोन पावलांत थांबतो. त्या माणसाला खडा कळतच नाही. तो दिवसभर चालत राहतो, एकाच जागी दाब पडत राहतो आणि तिथलं मांस मरतं. म्हणजे जखम दाबाची होती, आणि दाब वाटून दिला तर ती टाळता येत होती.

मग वेल्लोर आणि जवळच्या करिगिरीच्या कुष्ठरोग केंद्रात पादत्राणांवर वर्षानुवर्षं प्रयोग झाले. त्यातून जी घडण सिद्ध झाली ती आजही प्रमाण मानली जाते. आत एमसीआरचा मऊ, पण रुतून न बसणारा थर, म्हणजे शरीराचं वजन तळव्याच्या मोठ्या भागावर पसरतं. खाली कडक रबराचा तळ, म्हणजे काटा किंवा काच आरपार येत नाही. रुंद पट्टे, आणि मागे बंद, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. खिळा मात्र कुठेही नाही. शिवण आणि चिकटद्रव्य एवढ्यावरच काम, कारण झिजलेल्या तळातून वर आलेला खिळा बधिर पायाला कळत नाही. ज्यांना दुखणं जाणवत नव्हतं, त्यांच्या पायांनी बाकीच्या सगळ्यांना दाबाचं गणित शिकवलं. मधुमेहींचे पाय वाचवण्याच्या आजच्या शास्त्राचा पाया इथेच घातला गेला.

या चपलेला एक दुःखद बाजूही होती. ठरावीक काळ्या रंगाची, ठरावीक घाटाची चप्पल पायात दिसली की लोक ओळखत, हा कुष्ठरोगी. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नकार्यात ती खूण नको म्हणून कितीतरी रुग्णांनी ती घालणं सोडलं आणि पाय गमावले. म्हणून पुढे कुष्ठरोगाचं काम करणाऱ्यांनी वेगळे रंग, बाजारातल्यासारखे घाट करून पाहिले. मला हा धडा आजच्या दुकानांसाठीही जिवंत वाटतो. पंचेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेला आधाराची चप्पल हवी असते, पण ती "आजारी दिसते" म्हणून ती शाळेत घालत नाही, स्नेहसंमेलनात तर नाहीच. हा नखरा नाही. चारचौघांत नीटनेटकं दिसण्याची इच्छा रास्त आहे, आणि चप्पल बनवणाऱ्यांनी तिची दखल घेतली पाहिजे. जी चप्पल पायात राहत नाही ती कितीही शास्त्रशुद्ध असली तरी निरुपयोगी.

महाराष्ट्रात चपलेविषयी लिहायचं आणि कोल्हापुरीला वगळायचं हे शक्य नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, म्हशीच्या जाड चामड्याचा तळ, चामड्याच्याच वादीनं घातलेली शिवण, बाजूचे कान, मधली वेणी, अंगठा. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. कोल्हापुरातल्या चप्पल लाइनमध्ये एका ज्येष्ठ कारागिरांना मी सरळ विचारलं, "काका, टाच दुखणाऱ्यानं ही घालावी का?" त्यांनी चप्पल उलटी करून तळावर बोटानं टकटक केलं. "ही पायाला बसायला वेळ घेते बघा ताई. तेल द्यायचं, थोडी थोडी वापरायची. चांगल्या पायाला हिच्यासारखी चप्पल नाही. दुखऱ्या टाचेला मी स्वतःच नको म्हणतो. आधी बरं व्हा, मग या." आपला माल विकणाऱ्या माणसाचं हे उत्तर मला फार मोलाचं वाटलं.

त्यांचं म्हणणं शरीरशास्त्रालाही धरून आहे. पारंपरिक कोल्हापुरीत चवड्याला भरपूर रुंदी मिळते, चामडं हवा खेळती ठेवतं, आणि वापरून वापरून तळावर आपल्या पायाचा ठसा उमटतो. पण तळ सपाट, कडक. कमानीखाली उठाव नाही, मागे पट्टा नाही. आता आत फोमची गादी घातलेल्या कोल्हापुरी मिळतात. ज्यांचं दुखणं ओसरत आलं आहे त्यांना त्या सणासुदीला, दोन-चार तासांसाठी चालतील. दिवसभर उभं राहायला नाहीत.

दुसरा घोळ मापाचा. आपल्याकडे चपलांवर जे आकडे असतात ते इंग्रजांच्या काळात आलेले, तिकडच्या पायांवर बेतलेले. डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेनं देशभर 79 ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची त्रिमितीय मोजणी केली. त्यातून निघालं की भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतल्या पावलापेक्षा रुंद आहे. ते रुंद पाऊल अरुंद घाटात बसवायला आपण एक नंबर मोठा घेतो. मग लांबी जास्त होते, टाच वाटीतून पुढेमागे सरकते आणि कमानीचा उंचवटा चुकीच्या जागी येतो. सैलावू नये म्हणून पट्टा आवळला की पावलावर वळ उठतात. अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे आलेल्या किंवा करंगळीवर भोवरी झालेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. या मोजणीवर आधारलेली 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली आहे. ती नीट रुजली तर दुखऱ्या पायांवर मोठा उपकार होईल.

तोपर्यंत घरच्या घरी करता येण्याजोगं एक काम आहे. संध्याकाळी, दिवसभराच्या उभ्यानं पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा, जाड कागदावर पूर्ण वजन टाकून उभं राहायचं आणि कुणालातरी पावलाभोवती पेन्सिल फिरवायला सांगायचं. दोन्ही पायांची. दोन्ही सहसा सारखी नसतात. मोठ्या पायाचं माप धरायचं. तो कागद कापून दुकानात न्यायचा आणि चपलेच्या आत ठेवायचा. कागदाची कड बाहेर आली तर ती चप्पल आपली नाही, विक्रेता "वापरून सैल होईल" म्हणाला तरी. बंद घाटाच्या सँडलमध्ये बोटांपुढे एक-दोन सेंटीमीटर मोकळे हवेत.

मधुमेह असलेल्यांसाठी मात्र हा सगळा विषय सोयीचा न राहता पाय वाचवण्याचा होतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या कितीतरी जणांच्या पायांची संवेदना हळूहळू कमी होत असते. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून पाहतात. तो कळला नाही तर वेल्लोरच्या त्या रुग्णांना लागू होते तीच काळजी यांनाही लागू. अशांनी उंचवट्यांच्या 'ॲक्युप्रेशर' चपलांपासून दूरच राहावं, कारण प्रत्येक उंचवटा म्हणजे दाबाची एक जागा. अनवाणी प्रदक्षिणा घालायचीच असेल तर दगड तापण्याआधी, भल्या सकाळी घालावी आणि घरी आल्यावर तळवे नीट पाहावेत, दिसत नसेल तर आरसा धरून. तापलेल्या फरशीवर भाजून फोड आले तरी कळलं नाही, असे रुग्ण डॉक्टरांना दर उन्हाळ्यात भेटतात.

आता घराकडे येते, कारण टाचदुखीचा खरा मुक्काम घरात आहे. बाहेरची चप्पल आपण नीट निवडतो आणि दारात काढतो. त्यानंतर स्वयंपाक, भांडी, पूजा, धुणं, सगळं अनवाणी. शेणानं सारवलेली जमीन गेली, शहाबादी फरशी आली, आता गुळगुळीत कडक टाइल्स. त्या अजिबात दबत नाहीत. ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईची टाच रोज काही तास या टाइल्सवर असते आणि आधाराची चप्पल दाराबाहेर असते. ज्यांचं दुखणं महिनोन्महिने हटत नाही त्यांना मी हेच विचारते, घरात पायात काय असतं? उत्तर बहुधा "काही नाही" असं येतं.

यावर उपाय सोपा आहे, फक्त घरातल्यांचं मन वळवावं लागतं. एक जोड निव्वळ घरातला, उंबऱ्याबाहेर कधीही न जाणारा, धुता येण्याजोगा. देवघरापाशी काढून ठेवायचा. सासूबाईंना हे खटकेल असं अनेकींना वाटतं. पण पाय त्यांचेही दुखतच असतात. नाशिकच्या एका घरात सुनेनं आधी सासूबाईंसाठी असा जोड आणला, मग स्वतःसाठी. ओट्यापुढे जाड रबरी चटई टाकली तरी फरक पडतो.

आणि ज्या दुसऱ्यांच्या ओट्यापाशी उभ्या असतात त्यांचं काय? आमच्या इमारतीत पोळ्यांना येणाऱ्या मावशी सकाळपासून चार घरं करतात. चपला प्रत्येक दाराबाहेर काढतात आणि चारही घरांत टाइल्सवर अनवाणी उभ्या राहतात. त्यांची टाच गेल्या पावसाळ्यापासून दुखते. पायाचं माप काढून आम्ही आमच्या घरात त्यांच्यासाठी एक जोड ठेवला, मागे पट्टा असलेला, कमानीला उठाव असलेला. त्यांना तो आवडला. मग त्यांनीच दुसऱ्या घरी विषय काढला.

"तिथल्या वहिनी हो म्हणाल्या," परवा त्या पीठ मळता मळता सांगत होत्या. "माप तेच सांगितलं मी त्यांना. उरलेल्या दोन घरांत विचारायचंय अजून. एका घरी आजी फार सोवळ्याच्या आहेत, तिथे तुम्ही बोला ताई."